‘जेरीस आणणे’ आणि जेरीमँडरिंग

प्रश्न : प्रभाग रचनेचा मसुदा लागला की ‘जेरीमँडरिंग’, म्हणजे आपल्या पक्षाच्या सोयीने हद्दी आखणं, हा शब्द कानावर येतो. ‘जेरीस आणणे’शी त्याचं काही नातं आहे का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : विरोधक जेरीस येतात हे खरं, पण नातं नाही. आपला ‘जेर’ फारसीतला. तिथे ‘झेर’ म्हणजे खाली. घोड्याने मान उडवू नये म्हणून मोहरकीपासून (तोंडावरच्या पट्ट्यापासून) पोटाखालच्या तंगापर्यंत बांधतात तो पट्टा जेरबंद. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणाऱ्याला हे सांगायला नको.

इंग्रजी शब्द आडनावाचा. एल्ब्रिज गेरी हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर. फेब्रुवारी १८१२ मध्ये त्यांनी राज्याच्या सिनेटच्या (वरिष्ठ सभागृहाच्या) नव्या, आपल्या पक्षाला सोयीच्या मतदारसंघांच्या कायद्यावर सही केली. एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा निघाला, की २६ मार्चच्या ‘बोस्टन गॅझेट’ने त्याला पंख आणि नखं जोडून व्यंगचित्र छापलं. चित्र सॅलमँडरसारखं दिसत होतं; सॅलमँडर हा पालीसारखा दिसणारा उभयचर. त्याच्या नावाचं शेपूट गेरींच्या नावाला चिकटलं. खुद्द आडनावाचा उच्चार ‘गेरी’, ‘जेरी’ मागाहून रूढ झाला. गेरी त्याच वर्षी पद हरले. सिनेट मात्र त्यांच्याच पक्षाकडे राहिली.

हे जमतं कसं? २५ गल्ल्यांचं गाव घ्या, मतदार सारखेच. १५ गल्ल्या ‘अ’च्या, १० ‘ब’च्या, प्रभाग पाच, प्रत्येकी पाच गल्ल्यांचे. तीन प्रभागांत ‘ब’च्या तीन आणि ‘अ’च्या दोन गल्ल्या बसवा. एका प्रभागात ‘अ’च्या पाचही कोंबा, उरलेल्यात चार. दहा गल्ल्यांवर ‘ब’ला पाचातले तीन प्रभाग! म्हणजे विरोधकांची मतं काही ठिकाणी फोडायची, काही ठिकाणी साठवायची. पण लोभ नडतो : ‘ब’चा प्रत्येक विजय तीन-दोनचा, त्यामुळे एक गल्ली फिरली की जागा गेली.

हद्द बदलली म्हणजे जेरीमँडरिंग झालंच, असंही नाही. २००८ च्या परिसीमनात (मतदारसंघांच्या फेररचनेत) एरंडोल लोकसभा मतदारसंघ जाऊन रावेर आला, धुळ्याचं अनुसूचित जमातींसाठीचं आरक्षण गेलं; ते काम स्वतंत्र आयोगाचं होतं. पालिकेच्या मसुद्यावर हरकत घ्यायची तर नुसता आकार वाकडा म्हणू नका, नदीकाठी तो तसा होणारच. प्रभागाची लोकसंख्या सरासरीपेक्षा किती कमी-जास्त आहे ते काढा आणि नदी, नाला, रेल्वेमार्ग, हमरस्ता सोडून सीमा मधल्याच गल्लीत कुठे वळते, ते नकाशावर खूण करून लेखी द्या.