१९३४ सालचे 'राष्ट्रपती' राजेंद्रप्रसाद, आणि पती या शब्दाचं काय करायचं

प्रश्न दोन आलेत. पहिला असा, की घरातल्या जुन्या कागदांत १९३४ च्या मुंबई काँग्रेस अधिवेशनाचा एक छापील फोटो मिळाला, त्याखाली 'राष्ट्रपती बाबू राजेंद्रप्रसाद' असं आहे, पण प्रजासत्ताक तर १९५० चं, मग हे मागाहून कोणी छापलंय का? आणि दुसरा, पती म्हणजे नवरा किंवा मालक, तर अमेरिकेच्या माणसाला आपण राष्ट्राध्यक्ष म्हणतो तसंच इथेही का म्हणू नये?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, नुसत्या 'राष्ट्रपती' शब्दावरून फोटो मागाहून छापला असं ठरत नाही. त्या काळात काँग्रेसच्या अध्यक्षालाच लोक राष्ट्रपती म्हणायचे. जवाहरलाल नेहरू १९३६ ला आपल्या खानदेशात फैजपूरला अध्यक्ष होते, तेव्हा ते राष्ट्रपती, १९३८ ला हरिपुऱ्याला सुभाषबाबू राष्ट्रपती. नेहरूंनी १९३७ मध्ये 'चाणक्य' या टोपणनावाने स्वतःवरच टीका करणारा लेख कलकत्त्याच्या मॉडर्न रिव्ह्यू मासिकात लिहिला, त्याचं शीर्षकही 'राष्ट्रपती'च होतं. सरकार इंग्रजांचं, व्हाइसरॉय त्यांचा, आणि लोक मात्र आपल्या निवडलेल्या माणसाला राष्ट्राचा प्रमुख म्हणून मोकळे, मला हे फार मोठं वाटतं. तुमचा फोटो कुठे वापरणार असाल तर ओळ आहे तशीच ठेवा, फक्त पुढे 'म्हणजे काँग्रेसचे अध्यक्ष' एवढं घाला.

राजेंद्रबाबूंना तो मान १९३४ ला मिळाला त्यामागेही बरंच काही आहे. जन्म ३ डिसेंबर १८८४, बिहारमधलं जिरादेई गाव, लहानपणी मौलवींकडे फारसी शिकले, कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत पहिले आले, पाटण्याच्या हायकोर्टात वकिली उत्तम चालत होती. १९१७ ला गांधीजींबरोबर चंपारणमध्ये निळीच्या शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घ्यायला बसले आणि मग १९२० च्या असहकारात वकिली सोडलीच. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये तो भयंकर भूकंप झाला तेव्हा ते कैदेतच होते, दोन दिवसांनी सुटले आणि दम्याने बेजार असताना मदतकार्याला लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचं अधिवेशन. पुढे १९३९ ला सुभाषबाबूंनी राजीनामा दिल्यावर आणि १९४७ ला कृपलानींनी पद सोडल्यावर परत यांनाच बसवलं. म्हणजे या जुन्या अर्थाने ते तीनदा राष्ट्रपती झाले, आणि नव्या अर्थाने २६ जानेवारी १९५० पासून १३ मे १९६२ पर्यंत सलग.

पण हा शब्द घटनेत आपोआप आला असं समजू नका. संविधान सभेच्या एका समितीच्या १९४७ च्या अहवालात 'प्रेसिडेंट' च्या पुढे कंसात 'राष्ट्रपती' होतं, मग मसुद्यात ते गळलं. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी संविधान सभेत विचारलं की का गाळलंत, तर बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिलं की हिंदी मसुद्यात 'प्रधान' आहे आणि उर्दूत 'सरदार'. विचार करा, ते राहिलं असतं तर आज आपण 'भारताचे प्रधान' म्हणत असतो! शेवटी २४ जानेवारी १९५० ला सदस्यांनी सह्या केल्या त्या हिंदी प्रतीत 'राष्ट्रपति' आहे, आणि संविधान सभेच्या अध्यक्षपदी तेव्हा राजेंद्रबाबूच होते, त्याच दिवशी तेच राष्ट्रपती म्हणून बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर झालं.

शब्द मात्र यापेक्षा खूपच जुना. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात सविता म्हणजे सूर्यदेवाला राष्ट्रपती म्हटलंय. आणि आपल्याकडच्या राष्ट्रकूटांचे ताम्रपट वाचलेत तर दानाची आज्ञा ज्यांना उद्देशून असते त्या यादीत 'राष्ट्रपति, विषयपति, ग्रामकूट' असे अधिकारी ओळीने येतात. तिथे राष्ट्र म्हणजे राज्याचा एक विभाग आणि राष्ट्रपती त्याचा अंमलदार, राजा वेगळाच.

आता पती. सेनापती, सभापती, कुलपती यात कोणाला नवरा आठवत नाही, मग इथेच का आठवावा. मूळ अर्थ स्वामी, सांभाळणारा, नवरा हा त्यातला एक. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'पतिः समास एव', म्हणजे पति हा शब्द समासात असला तरच नेहमीच्या इकारान्त शब्दासारखा चालतो, एकटा असला की त्याची रूपं वेगळी. एकट्याची चतुर्थी 'पत्ये', समासातली 'पतये', म्हणून तर आपण गणपतये नमः म्हणतो, गणपत्ये नाही. हा फरक समासाचा आहे, अर्थाचा नाही (सीतापतये यातला पती नवराच आहे), पण समासात हा शब्द वेगळा वागतो हे व्याकरणाने फार आधी टिपलंय. २००७ ला प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हाही ही चर्चा झाली, आणि शेवटी बदललं ते फक्त क्रियापद, राष्ट्रपती आल्या, राष्ट्रपती म्हणाल्या, आणि ते कानाला आता अजिबात खटकत नाही.

'स्वामी' हा अर्थ पदाला लागू पडतो का, म्हणजे राष्ट्रपतींना खरे अधिकार किती, हा वेगळा प्रश्न, आणि तो राजेंद्रबाबूंनाही पडला होता. हिंदू कोड बिलावरून १९५१ मध्ये त्यांचं आणि नेहरूंचं वाजलं, १९६० मध्ये तर जाहीर भाषणात त्यांनी राष्ट्रपतींच्या अधिकारांचा अभ्यास व्हावा असं सांगितलं. प्रत्यक्षात मंत्रिमंडळाचा सल्ला मोडून काही केलं नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो सल्ला मानण्याचं बंधन स्पष्टच लिहून टाकलं.

राष्ट्राध्यक्ष हा शब्द चुकीचा नाहीच, अध्यक्ष म्हणजे देखरेख करणारा, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ढिगाने अध्यक्ष आहेत. हिंदीवाले अमेरिकेलाही राष्ट्रपति वापरतात, मराठी पेपर परदेशांसाठी राष्ट्राध्यक्ष वापरतात, ही सोय चांगली आहे, कुठल्या देशाबद्दल चाललंय ते लगेच कळतं. भारताच्या पदाला मात्र राष्ट्रपतीच, ते घटनेतलं नाव आहे. आणि लिहिताना मराठीत एकटा शब्द दीर्घ, 'राष्ट्रपती', पण जोडून लिहिला की ह्रस्व, 'राष्ट्रपतिपद'.