सूर्यावर हायड्रोजन आहे हे कोण पाहून आलं?

प्रश्न: नमस्कार सर, मी सक्करदऱ्याकडच्या एका शाळेत नववी-दहावीला सायन्स शिकवते. स्पेक्ट्रोस्कोपीबद्दल, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून पदार्थ ओळखण्याबद्दल, थोडं सांगत होते तर एक पोट्टा उभा राहिला, म्हणे मॅडम सूर्यावर हायड्रोजन आहे हे कोण पाहून आलं? मला नीट सांगताच आलं नाही. लॅबमध्ये एकच प्रिझम, तोही टवका उडालेला. काय करू?
- एक शिक्षिका, नागपूर

उत्तर: मॅडम, प्रश्न एकदम बरोबर आहे त्याचा, त्याला तोंडी उत्तर देऊच नका, दाखवा. प्रिझम राहू द्या. घरात पडलेली एखादी राइट करायची जुनी सीडी घ्या, छापील बाजूला चिकटपट्टी दाबून खसकन ओढा, चंदेरी थर निघून येतो आणि खाली पारदर्शक प्लास्टिक उरतं, त्यावर एका मिलिमीटरमध्ये सव्वासहाशेच्या आसपास रेघा असतात. त्याचा कडेकडचा तुकडा बुटाच्या खोक्याच्या एका टोकाला भोकावर लावा, समोरच्या टोकाला जाड कार्डाच्या दोन सरळ कडांची बारीक फट, जेमतेम अर्धा मिलिमीटर. फट आणि सीडीच्या रेघा एकाच दिशेने पाहिजेत बरं का, नाहीतर सगळे रंग एकमेकांत मिसळतात, माझ्या पहिल्या वर्गात अर्धा तास यातच गेला.

मग खोली अंधारी करा. जुन्या पिवळ्या बल्बचा सलग पट्टा दिसेल, सीएफएलच्या मात्र सुट्या सुट्या रेषा, त्यातली हिरवी पाऱ्याची. आता स्पिरिटच्या दिव्यात मिठाच्या पाण्यात बुडवलेली तार धरा: पिवळी ठसठशीत रेष, ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीला (रंगाची जागा या आकड्याने सांगतात), सोडियमची. पोरांना घरून मीठ आणायला सांगा, सैंधव, खडेमीठ, जे असेल ते, रेष तिथेच येते. दिवा व्हरांड्याच्या टोकाला नेऊन ठेवा, अंधुक होईल पण जागा सोडणार नाही. बस, तुमच्या पोट्ट्याला इथेच समजेल की जायची गरज काहून नाही.

यानंतर हेलियमची गोष्ट सांगा, आधी नको. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण आपल्याच देशातून दिसलं, फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन त्यासाठी गुंटूरला आले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये एक पिवळी रेष दिसली, ती मिठातल्या सोडियमचीच वाटावी अशी, पण नीट मोजल्यावर थोडी बाजूला निघाली, ५८७.६ ला! इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी म्हटलं हे मूलद्रव्य नवीन आहे, तेच हेलियम, आणि पृथ्वीवर ते रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींना सापडलं १८९५ मध्ये, सत्तावीस वर्षांनी. इतका फरक फक्त दीड नॅनोमीटरचा, हे ऐकून वर्ग गप्प होतो, मी पाहिलंय.

आता राहिला हायड्रोजन. जवळच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबला विनंती करा, त्यांची हायड्रोजनची डिस्चार्ज ट्यूब (वीज सोडली की आतला वायू चमकतो ती काचेची नळी) दाखवतात का, लाल रेष ६५६ ला दिसते. सूर्याच्या वर्णपटात, म्हणजे त्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यात, बरोबर त्याच जागी काळी रेष आहे, कारण वरच्या थरातला हायड्रोजन तेवढाच रंग गिळतो. वर्णपटाचा मोठा फोटो शेजारी लावा आणि त्या पोट्ट्यालाच पट्टी धरून जुळवायला सांगा. फक्त एक, खोकं थेट सूर्याकडे कोणी धरायचं नाही, पांढऱ्या ढगाकडे धरायचं, यात अजिबात सूट नको.