मंगळवारचे चार म्हणजे चार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पुढच्या मंगळवारपासून दर आठवड्याला संस्थेचा कार्यकर्ता म्हणून तू पंचवटीतल्या एकट्या आजींना सोबत करायला जाणार आहेस. फॉर्म भरून झाला, ओळखपत्रही मिळालं. फॉर्ममध्ये नसतं तेवढंच इथे लिहितो आहोत.

चार म्हणजे चार. तू येणार म्हटल्यावर दुपारची झोप आवरती घेतली जाते, साडेतीनलाच दाराची कडी काढलेली असते. रविवार कारंजावर गर्दीत अडकलास तर तिथूनच फोन कर. फोन, व्हॉट्सॲप नव्हे. आठवड्यातून एकदाच जा आणि तासभर बस. पहिल्या महिन्यात तीन-तीनदा जाणारे परीक्षा आल्या की गायब होतात, आणि मग वाट बघणं आधीच्या एकटेपणापेक्षा वाईट. सुट्टी हवी असेल तर पंधरा दिवस आधी सांग, बदली माणूस आम्ही देऊ. आजींना मात्र तूच सांगायचं.

बसताना खिडकी तुझ्या पाठीमागे नको. उजेड मागून आला की तुझा चेहरा काळोखात जातो, आणि कमी ऐकू येणारी माणसं निम्मं ओठांवरून ऐकतात. ओरडू नकोस, ओरडण्याने शब्द फाटतात. सावकाश आणि जरा खालच्या सुरात बोल. टीव्ही बंद करायचा तो विचारूनच.

नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शन चालू राहावी म्हणून आपण जिवंत असल्याचा दरवर्षी द्यायचा पुरावा. नाशिकरोड, जेलरोडला सरकारी नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेल्यांची घरं भरपूर, तेव्हा हे काम तुझ्याकडेही येईल. केंद्राच्या पेन्शनरांपैकी ज्यांनी ८० ओलांडली त्यांचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. त्यांचं आधी उरकून घे. बोटांचे ठसे लावायच्या भानगडीत शक्यतो पडू नकोस. वयाने कातडी पातळ, कोरडी होते, रेषा झिजतात, मशीन पुन्हापुन्हा नकार देतं आणि म्हातारं माणूस उगाच ओशाळतं. चेहऱ्यावरून कर. फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप लागतात. आधी ऑपरेटर, म्हणजे दाखला काढून देणारा म्हणून तुझं स्वतःचं आधार आणि चेहरा नोंदवायचा, मग पेन्शनरचं आधार, मोबाइल नंबर, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा क्रमांक), खाते क्रमांक. चेहरा टिपताना त्यांना खिडकीकडे तोंड करून बसव. चष्म्याच्या काचेवर चकाकी येत असेल तर चष्मा उतरवायला सांग. पापण्यांची उघडझाप करायची सूचना येते; ती त्यांना वाचता येत नाही, तू मोठ्याने सांग.

प्रमाण आयडीचा, म्हणजे काढलेल्या दाखल्याच्या क्रमांकाचा मेसेज आला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि फसतात ते इथेच. आयडी मिळणं वेगळं, बँकेने दाखला स्वीकारणं वेगळं. पीपीओ नंबरातला एक आकडा चुकला किंवा पेन्शन देणारी बँक भलतीच निवडली, तर दाखला नाकारला जातो आणि पेन्शन अडकते. म्हणून पीपीओ नंबर तोंडी ऐकून लिहू नकोस, कागदावर बघून दोनदा ताडून घे. आठवड्याने जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर स्थिती बघ. ॲपचा नाद नको असेल तर पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत हेच काम करतो. काम झाल्यावर आधार-पासबुकाचे फोटो तुझ्या फोनमधून त्यांच्यासमोर डिलीट कर.

पैशाला हात लावायचा नाही. आजी एटीएमचा पिन सांगू लागल्या तर कान बंद. भाजी आणलीस तर पावती आणि उरलेली चिल्लर लगेच हातात दे, ‘असू दे’ म्हणाल्या तरी.

औषधांत एक गोष्ट डोळसपणे बघ: दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या दिलेल्या असतात आणि पाकिटावरच्या बारीक अक्षरांत घटक मात्र एकच निघतो. सापडलं तर काहीही बंद करायला सांगू नकोस. दोन्ही पाकिटं त्यांच्या संमतीने डॉक्टरांना दाखवायची.

पडल्या, तर काखेत हात घालून उचलायची घाई नको. त्यांचा खांदा जातो आणि तुझी कंबर. मांडीत कळ, पाय बाहेर वळलेला, डोक्याला मार, यांपैकी काहीही असेल तर जागचं हलवू नकोस, रुग्णवाहिकेसाठी १०८ लाव. रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर डोक्याला लागलेलं साधं टेंगूळसुद्धा साधं समजू नकोस. काहीच नसेल तर खुर्ची जवळ आण. आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग खुर्चीला धरून त्यांचं त्यांना उठू दे.

घरचंच कुणी त्रास देतंय असं वाटलं तर मुलाशी वाद घालू नकोस. तू गेल्यावर त्याचा राग आजींवर निघतो. आम्हाला सांग. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, आणि आई-वडील व ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मिळावा म्हणून प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो; पण करायचा की नाही हे आजी ठरवतील.

वाड्याचा जिना उभा आणि अंधारा आहे, दोर धरून चढ. चपला उंबऱ्यापाशी काढू नकोस, तिथेच अडखळतात; भिंतीकडेला सरकव. चहाला नाही म्हणू नकोस. कप विसळायला उठलास तर त्या ‘ठेव’ म्हणतील. ठेव.

तुझे,
संस्थेतले जुने कार्यकर्ते
नाशिक