प्रोजेक्टर घेण्याआधी

संग्रहालयाच्या नव्या व्हिडिओ कला विभागाची जबाबदारी तुझ्याकडे आली, फार आनंद झाला. प्रोजेक्टरची कोटेशनं मागवायच्या आधी जपणुकीचं बघ. चित्रकार अकबर पदमसींनी १९६९ मध्ये केलेल्या 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' या छोट्या फिल्मची एकच प्रत होती. ती हरवली आणि काम गेलं. मला ते आजही सलतं. म्हणून कलाकाराकडून मूळ दर्जाची फाइल घे, तीन प्रती ठेव, त्यातली एक मुंबईबाहेर, आणि वर्षातून एकदा प्रत्येक प्रत पूर्ण चालवून बघ. करारात स्पष्ट लिहून घे: जुना डबा टीव्ही बंद पडला तर सपाट स्क्रीन चालेल का? हे कलाकार हयात असतानाच विचारायचं असतं.

आपल्याकडचा पावसाळा हे तर वेगळंच प्रकरण. एकदा जुलैत प्रोजेक्टरचं चित्र अंधूक दिसायला लागलं, मशीन तासाभरात तापून बंद पडायचं. फिल्टर काढला तर त्यावर ओलसर धुळीचा राखाडी थर, बोटाने सोलून निघेल असा. तेव्हापासून दर सोमवारी सफाई, चुकवायची नाही.

उंच छताच्या जुन्या दालनात आवाज घुमतो. जाड पडदे लाव. बसायला बाकही हवंच, वीस मिनिटं कोण उभं राहील?

आणि दालनातल्या शिपाईमामांना पहिल्याच दिवशी सगळं दाखव. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर आधी रिमोटने बंद, पंखा थांबला की मगच मेन स्विच. संध्याकाळी तिथे तू नसशील, ते असतील.