फिट, मेंदूची घडण आणि जन्मजात व्यंग: आधी 'कधी' ते विचारा

तुम्ही विचारलंय की न्यूरल ट्यूब (गर्भातली नळी, जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात) पहिल्या वर्षी वाचली, फिटच्या औषधांमुळे होणारी व्यंगं फार्माकॉलॉजीत आली, नवजात बाळाच्या फिट बालरोगात आल्या. आता शेवटच्या वर्षी हे सगळं एकत्र विचारतात आणि डोक्यात खिचडी होते, तर पाठ कसं करायचं. माझं म्हणणं, पाठ करूच नका. एका कागदावर गर्भाच्या आठवड्यांची आडवी रेघ मारा आणि प्रत्येक व्यंगाला त्या रेघेवर जागा द्या. 'काय बिघडलं' याआधी 'कधी बिघडलं' हे विचारायची सवय लागली की बरंचसं पाठांतर आपोआप गळून पडतं.

रेघेवरची पहिली खूण गर्भधारणेनंतरचा चौथा आठवडा. न्यूरल ट्यूबचं वरचं तोंड साधारण २५व्या दिवशी मिटतं, खालचं २८व्या दिवसाच्या आसपास. वरचं उघडं राहिलं तर अ‍ॅनेन्सेफली (मेंदूचा मोठा भाग आणि कवटी बनतच नाही), खालचं राहिलं तर स्पायना बायफिडा (पाठीचा कणा मिटत नाही). आता हे दिवस पाळीच्या हिशोबात मांडून बघा. पाळी चुकून दोन आठवडे होतात तोवर ट्यूब मिटलेली असते किंवा कायमची उघडी राहिलेली असते. म्हणून तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा सुरू केलेलं फॉलिक अ‍ॅसिड रक्तासाठी उपयोगी असेल, ट्यूबसाठी नाही. ते गर्भधारणेच्या आधीपासूनच हवं: एरवी रोज ४०० मायक्रोग्रॅम, आधीच्या बाळाला हे व्यंग असेल तर ४ मिलिग्रॅम. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत या ४ मिलिग्रॅमने पुन्हा व्यंग होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न: अशा व्यंगात आईच्या रक्तात वाढणारं अल्फा-फीटोप्रोटीन (गर्भाचं एक प्रथिन) कधी वाढत नाही? व्यंगावर त्वचेचं आवरण असेल तेव्हा.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात पुढचा मेंदू दोन भागांत विभागला नाही तर होलोप्रोसेनसेफली होते. कारणं म्हणून सॉनिक हेजहॉग जनुकातला दोष, ट्रायसोमी १३ (तेरावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन), आईचा मधुमेह, एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला.

खरं रेंगाळायचं ते १२ ते २० आठवड्यांपाशी. या काळात चेतापेशी आतल्या भागातून बाहेरच्या कॉर्टेक्सकडे (मेंदूच्या वरच्या थराकडे) प्रवास करतात, आणि जन्मजात कारणांनी होणाऱ्या हट्टी फिटांचा मोठा वाटा या प्रवासातल्या बिघाडाचा असतो. या प्रवासाला लागणारं डीसीएक्स जनुक बघा. ते एक्स गुणसूत्रावर आहे. त्यात दोष असलेल्या मुलाच्या सगळ्याच पेशी अडखळतात, मेंदू गुळगुळीत राहतो: लिसेनसेफली. मुलीत मात्र प्रत्येक पेशीत एकच एक्स चालू असतो. ज्यांत चांगलं जनुक चालू आहे त्या पेशी वर पोहोचतात, बाकीच्या वाटेतच थांबतात. एमआरआयमध्ये कॉर्टेक्सच्या खाली करड्या पेशींचा दुसरा पट्टा दिसतो, तो या थांबलेल्या पेशींचा. एक्स-इनअ‍ॅक्टिव्हेशन (दोनपैकी एक एक्स बंद पडणं) इतकं स्पष्ट डोळ्यांना दिसण्याची जागा मला तरी दुसरी माहीत नाही. पेशी पोहोचल्यानंतर कॉर्टेक्सची घडी बिघडली तर पॉलिमायक्रोजायरिया, म्हणजे बारीक आणि फार जास्त वळ्या. तिथे आईला झालेला सायटोमेगॅलोव्हायरसचा संसर्ग आठवलाच पाहिजे.

आता बाळ जन्मलं. नवजात बाळाची फिट मोठ्यांसारखी का नसते? मायलिन (चेतातंतूंवरचं आवरण) आणि कॉर्टेक्समधली जोडणी अपुरी असल्याने झटका सगळ्या मेंदूभर नीट पसरत नाही. चोखल्यासारखी तोंडाची हालचाल, एकटक नजर, सायकल चालवल्यासारखे पाय, श्वास थांबणं, एवढंच दिसतं. हात थरथरत असेल तर तो आपल्या हातात अलगद धरा. नुसती थरथर असेल तर थांबते; फिटचे झटके धरलेल्या हाताला जाणवत राहतात. तरी पक्कं निदान ईईजीनेच (मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखाने). आणि साखर सगळ्यात आधी तपासायची, मग कॅल्शियम. पूर्ण दिवसांच्या बाळात सर्वात जास्त आढळणारं कारण म्हणजे जन्माच्या वेळी मेंदूला कमी पडलेला प्राणवायू आणि रक्तपुरवठा.

दुसरी गोष्ट गॅबाची, म्हणजे मोठ्यांच्या मेंदूत पेशींना शांत करणाऱ्या रसायनाची. अपक्व चेतापेशीत क्लोराइड आत ओढणारा वाहक एनकेसीसी१ जास्त आणि बाहेर काढणारा केसीसी२ कमी असतो. त्यामुळे गॅबाने दार उघडलं की क्लोराइड बाहेर पडतं आणि पेशी शांत होण्याऐवजी उत्तेजित होऊ शकते. गॅबाचा परिणाम वाढवणारं फिनोबार्बिटल आजही पहिलं औषध आहे, पण काही बाळांत ते का कमी पडतं याचं एक स्पष्टीकरण इथे आहे. काही वेळा हातापायांचे झटके थांबतात आणि ईईजीवर फिट चालूच राहते. 'बाळ शांत झालं' यावर विसंबू नका. एनकेसीसी१ अडवणारं ब्युमेटॅनाइड वापरून पाहिलं गेलं, पण युरोपातली चाचणी परिणाम दिसेना आणि ऐकण्यावर दुष्परिणाम होण्याची भीती, म्हणून थांबवावी लागली. कागदावर सुंदर दिसणारी यंत्रणा बाळावर तशीच चालते असं नाही.

शेवटी आई घेत असलेली फिटची औषधं. व्हॅल्प्रोएटने स्पायना बायफिडाचा धोका १ ते २ टक्के, एकूण मोठ्या व्यंगांचा साधारण १० टक्के, आणि डोस वाढेल तसा तो वाढतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नीड (NEAD) अभ्यासात गरोदरपणी लॅमोट्रिजिन घेतलेल्या आयांच्या सहा वर्षांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक १०८ होता, व्हॅल्प्रोएटच्या गटात ९७. म्हणजे रेघेवर व्हॅल्प्रोएटची खूण चौथ्या आठवड्यावर एक ठिपका म्हणून काढू नका; मेंदू पूर्ण गरोदरपणभर घडत असतो.

मग व्हॅल्प्रोएटवर असलेली बाई १० आठवड्यांची गरोदर होऊन आली तर? 'औषध लगेच बंद' हे उत्तर मला सर्वात धोकादायक वाटतं. ट्यूबची वेळ निघून गेली आहे, आणि औषध अचानक तोडल्यास स्टेटस एपिलेप्टिकसने (न थांबणाऱ्या फिटने) आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. न्यूरॉलॉजिस्टसोबत बसून डोस कमी करता येईल का, औषध बदलता येईल का ते ठरवा, सविस्तर सोनोग्राफी करा. लॅमोट्रिजिनवर असेल तर गरोदरपणात त्याची रक्तातली पातळी बरीच खाली येते, डोस वाढवावा लागतो. आणि प्रसूतीनंतर तो लगेच उतरवायचा असतो, नाहीतर काही दिवसांतच चक्कर, दुहेरी दिसणं सुरू होतं.