शुश्रूषा, जिघांसा आणि गहाळ झालेला ‘ने’

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका वाचकताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सोसायटीत एक पत्रक आलं, ‘ज्येष्ठांसाठी काळजीवाहू यंत्रमानव’. त्याच सुमारास पेपरात त्यांनी ‘मारेकरी रोबोट’ वाचलं. हे दोन्ही शब्द बरोबर आहेत का, आणि एकच वस्तू आज आजीला सूप भरवते नि उद्या माणसं मारते, हे भाषेला चालतं तरी कसं, असं त्या विचारतात.

पहिला शब्द साफ चूक. काळजीवाहू सरकार असतं. मुदत संपलेलं, दुसरं येईपर्यंत खुर्ची धरून बसलेलं, मोठा निर्णय घ्यायचा नाही अशा बोलीवर. आईच्या उशाशी असलं काही कोण आणून बसवेल? इंग्रजीतलं ‘केअर’ दिसलं की डोळे मिटून ‘काळजी’ चिकटवायची, पुढे ‘टेकर’ असो वा ‘गिव्हर’, शेपूट ‘वाहू’चंच! द्वारका चौकात अडकलेला टेम्पो मालवाहू असतो, कारण तो माल वाहतो. काळजी अशी वाहता येत नाही. मराठीत ती घेता येते आणि करता येते, आणि या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. गोळ्या वेळेवर देणं, कूस बदलणं ही घेतलेली काळजी. मुलगा रात्री पुण्याहून निघाला, चंदनापुरी घाटात फोन लागेना, मग जी सुरू होते ती केलेली. पहिली यंत्राला बऱ्यापैकी जमते. दुसरी जमते असं पत्रकसुद्धा म्हणत नाही, फक्त तसं वाटू देतं.

रोबोटची व्युत्पत्ती मी सांगत बसत नाही, शाळेतली पोरंही सांगतात. कारेल चापेकचं १९२० चं नाटक, शब्द सुचवला भाऊ योसेफने, चेक ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने राबणं. पण त्याला ‘यंत्रमानव’ ज्याने केलं त्याला धरून आणा. चापेकचे रोबोट यंत्रं नव्हतेच, कृत्रिम मांसापासून घडवलेले जीव होते. आणि सातपूरच्या कारखान्यात जो नुसता एक हात दिवसभर वेल्डिंग करतो, तो मानव नाही. म्हणजे दोन पदांचा समास, आणि दोन्ही पदं चुकलेली. मूळ अर्थच धरायचा तर आपल्याकडे ‘वेठ’ तयार आहे, संस्कृत विष्टि. रुद्रदामन, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांतल्या सातवाहनांचा नातलग आणि वैरी, याने इ.स. १५० च्या सुमारास गिरनारच्या शिलालेखात फुशारकी मारली आहे की सुदर्शन तलावाचा बांध बांधताना प्रजेला कर, विष्टि आणि प्रणय यांचा त्रास दिला नाही. (प्रणय म्हणजे तेव्हा राजाने प्रेमाने मागितलेली वर्गणी. नाही म्हणायची सोय नसलेली.)

आता ज्या शब्दासाठी मी एवढा वेळ दम धरला तो. शुश्रूषा. दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘सुश्रुषा’ वाचून डोळे दुखतात. लोकांना वाटतं, सु म्हणजे चांगलं, झालं. इथे सु नाही, आणि सुश्रुताचाही संबंध नाही, धातू तेवढा एक. तो धातू ‘श्रु’, ऐकणे. संस्कृतात इच्छा दाखवायची तर धातूला ‘सन्’ प्रत्यय लागतो आणि आरंभीचं अक्षर दुणावतं. ज्ञा, जिज्ञासा. पा, पिपासा. श्रु, शुश्रूषा. म्हणजे शुश्रूषा याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा! पेज भरवणं नाही, पाय चेपणंही नाही.

या शब्दाचा अर्थ ‘सेवा’ कसा झाला ते मनुस्मृतीत दिसतं. कुदळीने खणणाऱ्याला पाणी लागतं तशी शुश्रूषूला, म्हणजे ऐकू इच्छिणाऱ्याला, गुरूकडची विद्या लाभते, असा श्लोक आहे. ऐकायचं तर गुरूजवळ राहायला हवं. जवळ राहिलं की सरपण आण, पाणी भर. कामं शब्दाला चिकटली, ऐकणं गळून पडलं.

इथे माझं अमरकोशवाल्या अमरसिंहाशी भांडण आहे. ‘वरिवस्या तु शुश्रूषा परिचर्याप्युपासना’ असं म्हणून त्याने चौघींना एका माळेत ओवलं, आणि पुढच्या कोशकारांनी ती माळ तशीच गळ्यात घातली. अहो, परिचर्येत ‘चर्’ आहे, भोवती फिरणं. उपासनेत ‘आस्’ आहे, जवळ बसणं. भोवती फिरणारं यंत्र बनवता येतं, जवळ बसणारंही. जपानच्या रिकेन संस्थेने २०१५ मध्ये ‘रोबेअर’ दाखवला. अस्वलाच्या तोंडाचा, माणसाला पलंगावरून उचलून चाकांच्या खुर्चीत ठेवणारा. ज्यांनी आजारी बापाला एकट्याने उचललंय त्यांच्या कमरेला विचारा, ही केवढी मोठी गोष्ट आहे. तिकडचाच ‘पारो’ नावाचा पांढऱ्या लवेचा सील कुरवाळला की मान वळवतो, हाक मारली की डोळे उघडतो. अमेरिकेत २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यताही मिळाली. पहिली परिचर्या, दुसरी फार तर उपासना. शुश्रूषा दोन्हींत नाही, आणि हा फरक अमरसिंह पुसून टाकतो.

आमच्या शेजारच्या आजींकडे ब्युरोतून मावशी येतात. एकदा आजी म्हणाल्या, “मला नको जेवण.” सुनेने ताट उचललं. मावशींनी मात्र वाटी खाली ठेवली आणि विचारलं, “कवळी टोचतेय का हो?” आजींचा ‘ज’ जरा निसटला होता, तो त्यांनी ऐकला. हिरडीला फोड आला होता. मायक्रोफोनलाही तो ‘ज’ ऐकू गेला असता, कदाचित जास्त स्पष्ट. माझा मुद्दा कानाचा नाही, त्या ‘सन्’चा आहे.

एक खूळ सांगून टाकतो, व्याकरणवाल्यांनी नाक मुरडलं तरी चालेल. पाणिनीने ज्ञा, श्रु, स्मृ, दृश् या चार धातूंच्या इच्छारूपांना आत्मनेपद सांगितलं आहे, म्हणजे नावाप्रमाणे ‘स्वतःसाठी’चं क्रियारूप. जाणावं, ऐकावं, आठवावं, पाहावं. या चार इच्छा दुसऱ्यासाठी म्हणून करताच येत नाहीत, करणाऱ्याला स्वतःलाच व्हाव्या लागतात, म्हणून ही चौकडी, असं माझं मत. ‘ही निव्वळ रूपांची सोय आहे’ असं एका संस्कृतच्या प्राध्यापकांनी मला सुनावलं. असेल. सोय याच चौघांची का, ते त्यांनी सांगितलं नाही.

पण या शब्दावर डागही आहे, तो लपवू नये. शूद्राने तिन्ही वर्णांची शुश्रूषा करावी, तीही ‘अनसूयया’, कुरकुर न करता, हे मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात आहे. आता ते पत्रक पुन्हा वाचा. ‘न थकणारा, न चिडणारा, सुट्टी न मागणारा.’ हे अनसूययाचंच भाषांतर! यंत्र चिडत नाही यात पाप काहीच नाही. पण मावशींच्या पगाराचा विषय निघाला की ज्या सोसायटीची मीटिंग चिडीचूप होते, तिथे हे पत्रक का चालतं, ते मला कळतं.

हां, मारेकरी राहिलाच. हा शब्द मात्र चपखल आहे, ज्याने वापरला त्याला कल्पना असो नसो. ‘मारेकरी रोबोट म्हणजे यंत्राला दोष देणं, म्हणून स्वयंचलित शस्त्र म्हणा’ असा सल्ला एका सदरात वाचला. सदरकाराने बखरी चाळलेल्या दिसत नाहीत. मराठीत मारेकरी घालतात. अमक्याने तमक्यावर मारेकरी घातले, असंच वाक्य होतं. मारेकऱ्याला स्वतःचं वैर नसतं, वैर घालणाऱ्याचं. आणि मारण्याच्या इच्छेलाही संस्कृतात तोच ‘सन्’ लागतो. हन्, जिघांसा. ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच. एकच वस्तू दोन्हीकडे चालते, कारण तिला ना शुश्रूषा आहे ना जिघांसा. आणि ‘स्वयंचलित’ तर आमचं वॉशिंग मशीनही आहे. वाद आहे तो स्वायत्त शस्त्रांचा, म्हणजे लक्ष्य कोणतं हेही स्वतःच ठरवणाऱ्या.

खरा घोटाळा आपल्या ‘ने’चा. मराठीत कर्त्यालाही ‘ने’, साधनालाही ‘ने’. ‘आईने चमच्याने भरवलं.’ पहिला ‘ने’ गाळा, ‘चमच्याने भरवलं’, तरी चमच्याला कोणी आई समजत नाही. पण ‘सैनिकाने ड्रोनने मारलं’ यातला पहिला ‘ने’ गाळला की ‘ड्रोनने मारलं’, आणि ड्रोन कर्ता होऊन बसतो. २०१६ मध्ये अमेरिकेत डॅलसच्या पोलिसांनी बॉम्ब निकामी करायच्या रोबोटवर स्फोटकं चढवून एका हल्लेखोराला ठार केलं. रोबोट दुरून माणूसच चालवत होता. तरी ‘रोबोटने मारलं’ म्हणून लोक मोकळे. पाणिनी म्हणतो, ‘स्वतन्त्रः कर्ता’. जो स्वतंत्र तो कर्ता. करण म्हणजे काम साधायला सगळ्यात उपयोगी पडणारं साधन. पंडित लगेच ‘असिश्छिनत्ति’ काढतील, तलवार कापते असं म्हणता येतं, ती विवक्षा. बरोबर. विवक्षा म्हणजे बोलणाऱ्याची बोलायची इच्छा, पुन्हा सन्! तलवारीला कर्ता करायची इच्छा तलवारीची नसते.

देवळालीला तोफखान्याचा सराव सुरू असला की खिडक्या थरथरतात, पण गोळा टाकणाऱ्याला आपल्या भाषेने नाव ठेवलंय, गोलंदाज. (क्रिकेटवाल्यांनी तो नंतर पळवला.) स्वायत्त शस्त्राच्या गोलंदाजाला नाव नाही. लिहिणारा, विकणारा, सोडणारा, हुकूम देणारा, यांतला कोण? रॉबर्ट स्पॅरो या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने २००७ मध्ये हेच विचारलं, आणि याच गृहस्थाने त्याआधी म्हाताऱ्यांच्या सेवेतल्या यंत्रांवरही टीका केली होती. जिनिव्हात या शस्त्रांवर २०१४ पासून चर्चा चालू आहे. २०२३ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत यावर ठराव आला, १५२ बाजूने, ४ विरुद्ध. त्या चारांत भारत होता. जिनिव्हातच बोलू, दुसरी चूल नको, अशी तेव्हा आपली भूमिका. इतकी वर्षं झाली, त्या चुलीवर भात शिजलेला नाही.

तर पत्रकवाल्यांना कळवा, ‘परिचारक यंत्र’ छापा, मला चालेल. पेपरवाल्यांनी मारेकरी खुशाल लिहावं, पण कोणी घातला तेही लिहावं. आणि दवाखान्यांच्या पाट्या रंगवणाऱ्यांसाठी, शु ऱ्हस्व, श्रू दीर्घ, शेवटचा ष पोटफोड्या.