बालगंधर्व सिनेमात का चालले नाहीत?

रंगभूमीवर स्त्रीभूमिकांनी एवढं वेड लावणारे बालगंधर्व चित्रपटात का पडले, वय झालं होतं म्हणून का, असं तुम्ही विचारलंय.

वय झालं होतं हे खरंच. जन्म १८८८ चा, आणि प्रभात फिल्म कंपनीचा 'धर्मात्मा' आला १९३५ साली. म्हणजे सत्तेचाळिशी. पण तेवढ्यावर उत्तर संपवलं तर विष्णुपंत पागनीसांचं काय करायचं? तेही तरुणपणी नाटकात स्त्रीभूमिका करायचे, त्यांचीही चाळिशी उलटलेली, आणि पुढच्याच वर्षी प्रभातच्याच 'संत तुकाराम'मध्ये लोक त्यांना तुकोबा समजून पाया पडायला लागले. गोविंदराव टेंबे तर बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीचे १९१३ मधले भागीदार. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र तेच. तेव्हा नाटकवाल्याला सिनेमा जमत नाही, हेही खरं नाही.

मला वाटतं, अडचण बालगंधर्वांच्या गाण्याच्या घडणीत होती. आम्ही जुन्या नाशिकचे. आमच्या आजोबांनी तरुणपणी नारायणरावांची, म्हणजे बालगंधर्वांची, बरीच नाटकं पाहिली होती, कधी इथे, कधी मुंबईला जाऊन. वाड्यात चावीचा ग्रामोफोन होता आणि 'स्वयंवर'मधल्या 'नाथ हा माझा'ची तबकडी. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. मी सुई ठेवायचो, आधी नुसती खरखर, मग तो आवाज, आणि रंगात येतंय म्हणेपर्यंत तबकडी संपायची. आजोबा कपाळाला हात लावायचे. "अरे बाळ, हे नुसतं आचमन झालं. पाणी प्यायलोच नाही."

त्यांचं म्हणणं असं की, थिएटरात हेच पद वन्समोअर घेत घेत कितीही वेळ चालायचं. ऑर्गन, सारंगी, तबल्यावर थिरकवाँसाहेब. समोरून 'वाहवा' आली की त्याच ओळीला नवी जागा. गुरू भास्करबुवा बखल्यांची तालीम, पण गाणं बैठकीचं नव्हे. शब्द उच्चारताना 'स्वयंवर'मधली त्यांची रुक्मिणी लाजतेय हे कळायचं. मान किती कलवायची, पदर कुठे धरायचा, सगळं समोरच्या माणसांचा अंदाज घेऊन. कॅमेरा कशाला 'वाहवा' म्हणतोय! तिथे गाणंही मोजून मापून.

त्यात 'धर्मात्मा'त त्यांना दिलं काय, तर संत एकनाथ. ज्याचे शालू आणि नेसण्याची ढब पाहून घरोघरच्या बायका तसं नेसायला शिकल्या, त्याला पुरुषाचं काम. त्यांची नाटक कंपनी कर्जात होती, बोलपट आल्यावर नाटकांचा धंदा बसत चालला होता, त्यामुळे फार पर्याय नव्हता म्हणा. दिग्दर्शक शांतारामबापूंनी चित्रपट मन लावून केला होता. (आधी नाव 'महात्मा' होतं. गांधीजींची आठवण होईल म्हणून सेन्सॉरने बदलायला लावलं.)

बरं, स्त्रीभूमिका दिली असती तर चाललं असतं का? नाही चाललं. १९३७ साली बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त ते मीरा झाले, तोही पडला. तोवर बघणाऱ्यांची नजर बदलली होती. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये आमच्या त्र्यंबकच्या फाळक्यांना तारामती करायला बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाचा पुरुष उभा केला आणि कुणाला खटकलं नाही. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'त तीच तारामती दुर्गा खोट्यांनी केली. त्यानंतर पडदाभर चेहरा दिसत असताना पन्नाशीकडे झुकलेली मीरा लोक कशी मानणार? नाटकात दिवे, अंतर आणि तो आवाज मिळून ते वय झाकत होते.

जाता जाता एक नाशिकची गोष्ट. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या विजयानंद थिएटरात, तेव्हा तिथे 'शारदा'चा प्रयोग होता. कंपनी किर्लोस्कर, म्हणजे बालगंधर्व १९०५ पासून ज्या कंपनीत होते तीच. आजोबा तेव्हा पाळण्यात, तरी गोष्ट अशी सांगायचे की जणू पहिल्या रांगेत बसले होते.

'धर्मात्मा' मात्र त्यांनी खरंच पाहिला होता. "एकनाथ महाराज दिसले, नारायणराव काही दिसले नाहीत," एवढंच बोलायचे. 'मीराबाई'ला ते गेलेच नाहीत.